गरोदरपणाची तपासणी गावातल्याच डॉक्टरकडे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गावातल्या दवाखान्यात बसतो, त्यामुळे प्रश्न रोज येतात. बहुतेक नवऱ्याच्या मोबाइलवरून, रात्री नवानंतर, आणि निम्मे व्हॉइस मेसेज. त्यातले पुन्हापुन्हा येणारे इथे एका जागी लिहून ठेवले आहेत. एकाचं उत्तर दुसऱ्याला जोडलेलं असेल तिथे प्रश्नाचा नंबर दिला आहे.

1. पाळी चुकली, घरी टेस्ट केली, दोन रेषा आल्या. आता पहिले जायचं कुठं?

आशाताईकडे. तिला सांगितलं की नोंदणी होते, आरसीएच नंबर (सरकारी नोंदीतला मातेचा नंबर) पडतो आणि माता-बाल संरक्षण कार्ड हाती येतं. टेस्ट केली नसेल तर तिच्याजवळ त्याचं किटही असतं, फुकट. ते कार्ड घेऊन मग जवळच्या डॉक्टरकडे या. हे सगळं पहिल्या बारा आठवड्यांच्या आत व्हायला हवं. "तीन महिने कोणाला सांगायचं नसते" ही रीत शेजारपाजाऱ्यांपुरती ठेवा, आशा आणि डॉक्टर त्यात धरू नका.

येताना शेवटच्या पाळीची तारीख घेऊन या. तारीख आठवत नसेल तर सण आठवा. "तान्ह्या पोळ्याच्या दिवशी बसली होती" एवढं सांगितलं तरी कॅलेंडर काढून काम होतं. त्या तारखेत नऊ महिने आणि सात दिवस मिळवले की बाळंतपणाची अंदाजे तारीख निघते: 10 सप्टेंबरला पाळी आली असेल तर 17 जून. पाळी अनियमित असेल तर हा हिशोब चुकतो, मग सुरुवातीच्या सोनोग्राफीची तारीख धरतात.

2. गावातला साधा फॅमिली डॉक्टर गरोदरपणात करणार तरी काय? मोठ्या डॉक्टरकडे जायचंच आहे ना?

जायचं आहेच, पण दर वेळी नाही. गरोदरपणातली बहुतेक कामं साधी आहेत: वजन, बीपी, डोळ्यांच्या पापणीखालचा फिकेपणा, हिमोग्लोबिन, लघवीतली प्रथिनं आणि साखर, पोटावर हात ठेवून बाळाची वाढ पाहणं, ठोके ऐकणं, पायावर सूज आहे का ते पाहणं. यातल्या कशालाच मोठी इमारत लागत नाही.

मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे ते बीपीबद्दल. पाचव्या महिन्यानंतर काही जणींचा बीपी वाढू लागतो आणि सुरुवातीला काहीच जाणवत नाही. बाई धुणं-भांडी करते, वेचणीला जाते, मजेत असते. 140/90 किंवा त्याच्या वर गेला की तो वाढलेला धरायचा, 160/110 ला गेला तर त्याच दिवशी मोठा दवाखाना. त्याच्यासोबत लघवीत प्रथिनं दिसली तर झटके येण्यापर्यंत मजल जाऊ शकते. हे पकडायला लागतो तो बीपीचा पट्टा आणि लघवीत बुडवायची एक पट्टी. पण आरोग्य केंद्र चौदा किलोमीटरवर, एसटी दिवसातून दोनदा, आणि मजुरी पाडून जायचं असेल तर बाई दोन तपासण्यांमध्ये दीड-दोन महिने काढते. बीपी नेमका त्याच मधल्या दिवसांत चढतो. घरापासून दहा मिनिटांवर कोणी पट्टा बांधणारं असेल तर ती बाजाराच्या दिवशीही डोकावून जाते.

3. मग जवळच्या डॉक्टरने काय करू नये?

बाळंतपण. प्रसूतिगृह म्हणून नोंदणी नसलेल्या दवाखान्यात ते करायचं नाही, आणि "आपला डॉक्टर आहे, घरी येऊन करेल" हे तर मुळीच नाही. नोंदणी नसलेल्या जागी सोनोग्राफीही नाही (प्रश्न 10). कळा वाढवायचं इंजेक्शन नाही (प्रश्न 15). गर्भपाताच्या गोळ्या नाहीत. त्या फक्त मान्यता असलेल्या ठिकाणीच. मेडिकलमधून परस्पर आणून घेतल्या आणि गर्भ गर्भाशयात नसून नळीत असला, तर पोटात रक्तस्राव होऊन जीव जाऊ शकतो.

4. किती वेळा दाखवायचं?

सरकारी नियमाने कमीत कमी चार वेळा: बारा आठवड्यांच्या आत, 14 ते 26 आठवड्यांत, 28 ते 34 मध्ये, आणि 36 नंतर. जागतिक आरोग्य संघटनेने 2016 पासून आठ वेळा सांगितलं आहे. आमचा सल्ला असा, की चार वेळा सरकारी यंत्रणेत जा, त्यातली एक तरी महिन्याच्या 9 तारखेला. प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात त्या दिवशी डॉक्टरकडून मोफत तपासणी असते. मधल्या भेटी जवळच्या डॉक्टरकडे करा. सातव्या महिन्यापर्यंत महिन्यातून एकदा, मग पंधरा दिवसांनी, नववा लागला की दर आठवड्याला.

9 तारखेला कार्डावर रंगीत स्टिकर लावतात. हिरवं म्हणजे सध्या जोखीम दिसत नाही, लाल म्हणजे जोखमीची माता. लाल लागलं म्हणून घरात रडारड होते. त्याची गरज नाही, पण मग बाळंतपण कुठे करायचं ते डॉक्टरशी बोलून त्याच आठवड्यात ठरवा.

5. खाजगी डॉक्टरकडे दाखवलं तर सरकारी पैसे बंद होतात का?

नाही होत. बंद होतात ते नोंदणी न केल्याने. मातृवंदना योजनेत पहिल्या बाळासाठी 5000 रुपये दोन हप्त्यांत मिळतात, दुसरं अपत्य मुलगी असेल तर 6000. त्यासाठी वेळेत नोंदणी, निदान एक तपासणी, आणि रेशन कार्ड, मनरेगाचं जॉब कार्ड, ई-श्रम, किसान सन्मान असा एखादा कागद लागतो. कोणता चालेल ते अंगणवाडीताई किंवा आशाताई सांगेल. जननी सुरक्षा योजनेत गावातल्या दारिद्र्यरेषेखालच्या आणि अनुसूचित जाती-जमातीच्या मातेला दवाखान्यात बाळंत झाल्यावर 700 रुपये. रक्कम थोडी आहे, मान्य. सरकारी दवाखान्यातलं बाळंतपण, सिझर, औषधं, रक्त, जेवण आणि नेणं-आणणं मोफत असतं, खरा फायदा तिथे आहे.

एक करा: खाजगीत मोजलेला बीपी, वजन, हिमोग्लोबिन त्याच सरकारी कार्डावर लिहून घ्या. डॉक्टर वेगळ्या चिठ्ठीवर लिहीत असेल तर आग्रह धरा. रात्री दोन वाजता ग्रामीण रुग्णालयातल्या डॉक्टरला तेच एक कार्ड पाहायचं असतं.

6. आमच्या गावचा डॉक्टर बीएएमएस आहे, चालेल का? आणि बोगस कसा ओळखायचा?

पदवीची आणि नोंदणीची पाटी भिंतीवर असते, ती वाचा. नसेल तर विचारा, विचारण्यात अपमान नाही. त्यानंतर मी चार गोष्टी पाहायला सांगतो. दर भेटीला बीपी मोजतो का. मोजलेलं लिहून देतो का. दर वेळी सुई किंवा सलाईन लावतो का (प्रश्न 8). आणि "हे माझ्या हातचं नाही, पुढे जा" असं कधी म्हणतो का. जो कधीच म्हणत नाही त्याच्याकडे जाऊ नका, पदवी कोणतीही असो.

फी आधी विचारून घ्या.

7. हिमोग्लोबिन 8 आलं. गोळ्या घेतल्या की मळमळ होते, संडास काळी होते. बंद केल्या तर?

बंद करू नका. गरोदरपणात 11 च्या खाली रक्त कमी धरतात, 7 च्या खाली धोक्याचं. बाळंतपणात थोडं जास्त रक्त गेलं तर ज्या बाईचं आधीच 7 आहे तिच्याजवळ शिल्लक काय राहते?

काळी संडास लोहामुळे होते, घाबरायचं कारण नाही. मळमळ होत असेल तर गोळी रात्री जेवणानंतर घ्या. चहासोबत घेऊ नका, चहा तासभर लांब ठेवा. लिंबू पिळलेल्या पाण्यासोबत घेतली तर अंगी लागते. लोहाची आणि कॅल्शियमची गोळी एकत्र घ्यायची नाही, मध्ये दोन तास तरी हवेत. हा घोळ आमच्याकडे घरोघरी आहे: दोन्ही पाकिटं एकाच डब्यात, दोन्ही एकाच घोटात. पहिल्या तीन महिन्यांत फक्त फोलिक ॲसिड, चौथ्यापासून लोहाची रोज एक, असा नेहमीचा क्रम. रक्त कमी असेल तर डॉक्टर दोन सांगतात. जंताची गोळी पहिले तीन महिने झाल्यावर, एकदा.

खाण्यात तुरीचं वरण, चवळी, हरभऱ्याची भाजी, अंडी, चालत असेल तर मटण-मासोळी. पण 8 चं 11 नुसत्या भाजीने वेळेत होत नाही, गोळी लागतेच. गोळ्यांनी महिनाभरात वाढलं नाही तर लोहाचं इंजेक्शन शिरेतून देतात. ते आरोग्य केंद्रात किंवा रुग्णालयात घ्या. आणि सिकलसेल (आईवडिलांकडून येणारा रक्ताचा आजार) तपासलं नसेल तर आधी ते (प्रश्न 9).

8. अशक्तपणा वाटते, एक सलाईन लावून द्या ना डॉक्टर.

ही मागणी आठवड्यातून दहा वेळा येते, आणि "नाही" म्हटलं की पेशंट समोरच्या दवाखान्यात जातो, हेही माहीत आहे. तरी हिशोब ऐका. पाच टक्के ग्लुकोजच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत 25 ग्रॅम साखर असते. म्हणजे पाच-सहा चमचे. तेवढी घरच्या सरबतात येते. मिठाच्या बाटलीत साडेचार ग्रॅम मीठ असते, दुसरं काही नाही. उलट्या थांबत नसतील, पोटात पाणीसुद्धा राहत नसेल, लघवी कमी झाली असेल तर सलाईन हवीच. नुसत्या थकव्याला नाही. थकवा बहुतेक वेळा रक्त कमी असल्याचा असतो, आणि बाटलीत रक्त नसते.

9. सिकलसेलची तपासणी काहून करायची? आमच्या घरात कोणालाच नाही.

"कोणालाच नाही" म्हणजे कोणी तपासलं नाही, असं बरेचदा निघतं. विदर्भात हा आजार इतर भागांपेक्षा जास्त आहे. गडचिरोली, चंद्रपूर, मेळघाटातच नाही, तर नागपूर-भंडारा-गोंदियाकडेही. आणि तो एकाच समाजाचा नाही.

आधी बाईची सोल्युबिलिटी टेस्ट, म्हणजे रक्ताची पहिली चाळणी. ती पॉझिटिव्ह आली तर घाबरू नका, कारण त्यातून वाहक आहे की रुग्ण ते कळत नाही. ते इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी या पुढच्या रक्ततपासणीने कळतं: एएस म्हणजे वाहक (दोष एकाच पालकाकडून आलेला), एसएस म्हणजे रुग्ण (दोघांकडून आलेला). वाहक बाई धडधाकट असते. पण मग नवऱ्याची तपासणी लागते, आणि गाडी नेमकी इथे अडते. नवरा म्हणतो, मला काय झालं? दोघंही एएस असले तर प्रत्येक गरोदरपणात चारातली एक शक्यता एसएस बाळाची, दोन शक्यता वाहक बाळाची, एक पूर्ण निरोगी बाळाची. पहिलं बाळ निरोगी झालं म्हणून दुसऱ्याची शक्यता बदलत नाही.

ही तपासणी पहिल्याच भेटीत हवी. गर्भातल्या बाळाची तपासणी मोठ्या केंद्रात होते, पण तिला ठरलेले आठवडे असतात: वारेचा नमुना अकरा-बारा आठवड्यांच्या सुमारास, गर्भजलाचा पंधरा आठवड्यांनंतर. सहाव्या महिन्यात कळलं तर हातात पर्याय फार थोडे उरतात.

बाई स्वतः एसएस असेल तर तिचं गरोदरपण जोखमीचं. तिला लोहाच्या गोळ्या सरसकट देत नाहीत, तपासून ठरवतात. अशा वेळी जवळच्या डॉक्टरने फक्त मधली देखरेख करावी. बाळंतपण रक्तपेढी आणि तज्ज्ञ असलेल्या ठिकाणीच.

10. सोनोग्राफी किती, आणि गावातच का होत नाही?

कायद्यामुळे. 1994 च्या गर्भलिंग निदानविरोधी कायद्याने सोनोग्राफी फक्त नोंदणीकृत केंद्रात, नोंद केलेल्या मशीनवर, फॉर्म भरूनच करता येते. डॉक्टर बॅगेत मशीन घेऊन गावात आला तर तो गुन्हा आहे. मुलगा की मुलगी हे विचारणाराही त्यात सापडतो, सांगणारा तर सापडतोच.

अडचण नसेल तर दोन-तीन पुरतात: 11 ते 13 आठवड्यांत एक, 18 ते 20 मध्ये बाळाचे अवयव पाहायला एक, पुढे गरज पडली तर वाढ पाहायला. मधली चुकवू नका. दर महिन्याला करून बाळ जास्त चांगलं होत नाही.

11. साखरेची टेस्ट उपाशीपोटी करायची का? मला तर शुगर नाही.

उपाशी असायची गरज नाही. 75 ग्रॅम ग्लुकोज पाण्यात देतात, दोन तासांनी रक्त घेतात. 140 किंवा जास्त आलं तर गरोदरपणातला मधुमेह. पहिल्या भेटीत एकदा, आणि 24 ते 28 आठवड्यांत पुन्हा. ही टेस्ट आमच्यासारख्या दवाखान्यात आरामात होते. दोन तास बाकड्यावर बसावं लागते एवढंच, तेव्हा सोबत कोणीतरी आणा.

12. वेचणी, रोवणी, फवारणी: काम किती दिवस करता येते?

साधं काम बहुतेक जणींना चालतं. पण दिवसभर वाकून धानाची रोवणी, डोक्यावर कापसाचं गाठोडं आणि मे महिन्यातला चंद्रपूरचा ऊन, हे नाही. तेंदूपत्त्याला जायचंच असेल तर पहाटे जा, पाणी सोबत ठेवा, ऊन चढायच्या आत परत या.

फवारणी पूर्ण बंद. औषध कालवणं नाही, पंपात पाणी भरणं नाही, फवारणीचे कपडे धुणं नाही, आणि फवारलेल्या शेतात त्याच दिवशी निंदण नाही. 2017 च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने धडधाकट माणसं दगावली होती.

13. डॉक्टर पुरुष आहे, बायको तयार होत नाही.

नेहमीच्या भेटीत आतली तपासणी लागतच नाही. बीपी, वजन, रक्त, लघवी यात लाजण्यासारखं काही नाही. पोट तपासताना सासू, जाऊ किंवा आशाताई शेजारी उभी राहू शकते. बाई नसताना तपासणार नाही असं डॉक्टरने स्वतःच म्हणायला पाहिजे. तरी नको वाटत असेल तर उपकेंद्रातल्या सिस्टरकडे जा.

14. कोणत्या लक्षणाला वाट न पाहता निघायचं?

खालून रक्त जाणं, थोडंही. डोकं खूप दुखणं, डोळ्यांपुढे अंधारी किंवा चमक. छातीच्या खाली पोटात कळ. तोंडावर-हातावर अचानक सूज. झटके. पाणमोट फुटणं, कळा असोत-नसोत. थंडी वाजून ताप. बाळाची हालचाल नेहमीपेक्षा कमी वाटणं. दम लागणं.

यात आमच्याकडे येऊ नका. म्हणजे दवाखाना रस्त्यातच असेल तर या, बीपी पाहून चिठ्ठी देतो, पण 108 ला फोन आधी. जिवाचा धोका असेल तर 108. बाळंतपणाला नेण्या-आणण्यासाठी 102. दोन्ही मोफत. गाडीला उशीर होईल असं कळलं तर गावातली जीप कोणाची, ड्रायव्हर रात्री उठतो का, हे आठव्या महिन्यातच विचारून ठेवा. बाळाची हालचाल कमी झाली तर "सकाळी पाहू" म्हणू नका.

15. कळा मंद आहेत, घरी इंजेक्शन देऊन लवकर होईल का?

नाही. त्या इंजेक्शनने गर्भाशय फाटू शकते, बाळ गुदमरू शकते. आधी सिझर झालेल्या बाईत धोका कितीतरी जास्त. रुग्णालयात तेच औषध थेंबाथेंबाने, बाळाचे ठोके मोजत, सिझरची सोय शेजारी ठेवून देतात. घरी कोणी देत असेल तर त्याला दारातूनच परत पाठवा.

16. रक्तगट निगेटिव्ह आहे. काही वेगळं करायचं का?

नवऱ्याचा पॉझिटिव्ह असेल तर हो. 28 आठवड्यांना अँटी-डी इंजेक्शन (आईचं शरीर बाळाच्या रक्ताविरुद्ध लढू नये म्हणून), आणि बाळ पॉझिटिव्ह निघालं तर बाळंतपणानंतर 72 तासांच्या आत पुन्हा. गर्भ पडला तरी लागते, ते लोक विसरतात. तुमच्या रुग्णालयात ते आहे का, हे सहाव्या महिन्यातच विचारा, नवव्यात नाही.

17. पहिलं बाळंतपण माहेरी. मग इकडच्या डॉक्टरचा काय उपयोग?

सात महिने तर तो पाहतोच. अडचण येते ती नंतर: सातव्या-आठव्या महिन्यात ओटीभरण झालं की बाई माहेरी, आणि तिथे पहिले तीन आठवडे कोणीच तपासत नाही, कारण "तिकडे सगळं नॉर्मल होतं". हेच दिवस बीपीचे. निघण्याआधी शेवटची तपासणी करून घ्या, कार्ड आणि सगळे रिपोर्ट एका पिशवीत, आणि माहेरच्या आशाताईला फोन इकडच्या आशाताईनेच करावा. माहेरी पोचल्यावर आठवड्याच्या आत दाखवा.

18. आम्ही दिवाळीनंतर कामाला बाहेरगावी जातो, होळीला परत येतो. शिवाय पावसाळ्यात रस्ता बंद होतो.

मेळघाटातले हे नेहमीचेच. कार्ड सोबत न्या, मोबाइलमध्ये त्याच्या दोन्ही बाजूंचा फोटो ठेवा. आरसीएच नंबरावर दुसऱ्या जिल्ह्यातही तपासणी आणि गोळ्या मिळतात. तिथल्या उपकेंद्रात जाऊन "आम्ही गरोदर मातेचं कार्ड घेऊन आलोय" एवढं म्हणा. निघण्याआधी महिन्याभराच्या गोळ्या मागून घ्या.

पावसाळ्याचं म्हणाल तर पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागड तुटते, हे तिथल्या माणसाला सांगायला नको. तारीख जुलै-ऑगस्टमधली असेल तर आठ-दहा दिवस आधी आरोग्य केंद्राजवळच्या माहेरघरात (बाळंतपणाआधी राहायची सरकारी जागा) राहायला जा. गडचिरोली, मेळघाटसारख्या आदिवासी भागात ही सोय आहे, सोबत घरचं माणूस राहू शकते. धाकट्या लेकराला कोण पाहील म्हणून बाया जात नाहीत. ते आधी ठरवावं लागते, पूर आल्यावर नाही.

19. मुलगी सतरा वर्षांची आहे, लग्न झालंय. डॉक्टर तपासेल का?

तपासेल, नकार देता येत नाही. पण वय 18 च्या आत असेल तर पॉक्सो कायद्याने (मुलांना लैंगिक अत्याचारापासून वाचवणारा कायदा) डॉक्टरने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, लग्न झालेलं असलं तरी. या भीतीने काही घरं मुलीला नऊ महिने लपवून ठेवतात. या वयात बीपी, रक्त कमी असणं आणि अडलेलं बाळंतपण, तिन्हींचा धोका जास्त; लपवलेल्या मुली थेट कळा सुरू झाल्यावरच दिसतात. वय खोटं सांगू नका, उपचार वयावर ठरतात.

20. बाळंत झाली, घरी आली. आता डॉक्टरचं काम संपलं ना?

बीपीचं नाही. तो बाळंतपणानंतरही काही दिवस वाढू शकतो, आधी कधी वाढलेला नसला तरी. प्रश्न 14 मधली डोकेदुखी, अंधारी, झटके बाळंतिणीलाही तशीच लागू. सव्वा महिना बाहेर पडायचं नाही ही रीत असेल तर डॉक्टरला घरी बोलवा, बीपीचा पट्टा बॅगेत मावतो. आशाताई 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी घरी येते. बाळंतपण घरीच झालं असेल तर पहिल्याच दिवशीही. नवजात बाळाला घरी जाऊन पाहायची ही पद्धत आपल्या गडचिरोलीतल्या गावांमध्ये डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेने करून दाखवली होती, मग ती देशभर गेली. तेव्हा ताई आली की बाळाला पाळण्यातून काढून द्या, झोपलंय म्हणून परत पाठवू नका. वजन करायचं असते.